तिसऱ्या दिवशी हात दाखवायला या

मागच्या अंकात नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या तपासण्यांबद्दल लिहिताना क्षयरोगाच्या तपासणीला मी जेमतेम चार ओळी दिल्या होत्या. त्या चार ओळींवर पत्रांचा ढीग आला. लिहिणाऱ्यांत प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, दगडाच्या धुळीत राबणारे आहेत आणि माणसं नोकरीवर ठेवणारेही आहेत. बहुतेक पत्रांत एकच भीती वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : तपासणीत काही निघालं तर नोकरी राहील ना?

सव्वीस वर्षं मी कामगारांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. टीबीचा संसर्ग आहे का हे पाहायला हाताच्या त्वचेत एक सुई टोचतात, तिला माँटू म्हणतात. त्या सुईनंतर तिसऱ्या दिवशी दाखवायला आणलेले हजारो हात मी पाहिले आहेत. हात पुढे करणाऱ्याची नजर हातावर नसते, माझ्या चेहऱ्यावर असते. त्यामुळे ही भीती मला नवी नाही, आणि ती उगाचची आहे असंही मी म्हणणार नाही. या वेळचा सगळा स्तंभ या पत्रांना दिला आहे. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी बेडका तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. यंदाच्या वार्षिक तपासणीत माझ्या हातावर १६ मिलिमीटरची गाठ आली. गेल्या वर्षी काहीच नव्हतं. मला खोकला नाही, ताप नाही, छातीचा फोटोही स्वच्छ आहे. तरी ‘रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय कामावर येऊ नका’ असं सांगून वरिष्ठांनी मला घरी बसवलं आहे. मॅडम, मला टीबी झाला आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या शरीरात टीबीचे जंतू शिरले आहेत, टीबी झालेला नाही. या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे आणि तुमच्या वरिष्ठांना नेमकं तेच माहीत नसावं.

जंतू श्वासातून फुप्फुसात जातात, तिथे आपल्या संरक्षक पेशी त्यांना घेरतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते तिथेच गप्प पडून राहतात. याला सुप्त संसर्ग म्हणतात. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना तो कधी ना कधी झालेला आहे. अशा माणसाच्या खोकल्यातून जंतू बाहेर पडत नाहीत, म्हणून त्याच्यापासून कोणालाही धोका नसतो. लक्षणं नाहीत आणि छातीचा फोटो स्वच्छ आहे, तेव्हा तुम्ही उद्या सकाळी कामावर जायला हरकत नाही. ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ ही अट तर पाळताच येणार नाही. एकदा अशी गाठ उठली की ती पुढच्या प्रत्येक सुईला उठण्याचीच शक्यता जास्त असते, औषध पूर्ण घेतल्यावरसुद्धा. ती सुई तुम्हाला पुन्हा टोचायचीच नसते.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला गंभीर वाटली ती सांगते. गेल्या वर्षी काही नव्हतं आणि यंदा १६ आहे, म्हणजे संसर्ग ताजा आहे. सुप्त संसर्ग असलेल्या १०० माणसांपैकी ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. तुमची ती दोन वर्षं आत्ता चालू आहेत. घरी बसून ती वाया घालवू नका.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते आहे त्याला कारण आहे. शिकाऊ डॉक्टर असताना माझीही माँटू एका वर्षात शून्यावरून १४ वर गेली होती. ज्या रुग्णालयात मी शिकत होते तिथल्या वरिष्ठांनी हात पाहिला, ‘वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांचंच येतं’ म्हणाले आणि वहीत आकडा लिहून पुढच्याला बोलावलं. मला औषध कोणी दिलं नाही, आणि ते मागायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. चौदा महिन्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला, उजव्या कुशीत श्वास घेताना कळ येऊ लागली आणि फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाल्याचं निघालं. सहा महिने गोळ्या घेतल्या, परीक्षेचं एक वर्ष गेलं. वहीतला तो आकडा माझा जीव वाचवण्यासाठीच लिहिलेला होता. त्याचा उपयोग मात्र कोणी केला नाही.

म्हणून तुम्ही प्रतिबंधक उपचार मागा. कोणी आपणहून देईल याची वाट पाहू नका. त्याचे बरेच मार्ग आहेत : आयसोनियाझिड रोज सहा किंवा नऊ महिने, रिफॅम्पिसिन रोज चार महिने, दोन्ही मिळून रोज तीन महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदाच, असे बारा आठवडे. कुठला मार्ग तुम्हाला योग्य हे तुमच्या इतर औषधांवर आणि यकृताच्या तब्येतीवर ठरेल. रिफॅम्पिसिन किंवा रिफापेंटिन घेताना लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. पण भूक मेली, मळमळू लागलं, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही आधी सांगा. या दोन औषधांमुळे त्यांचा परिणाम कमी होतो. ही गोष्ट विचारायची राहून गेल्याने अडचणीत सापडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. संसर्ग ताजा आहे, म्हणजे तो गेल्या वर्षभरात कुठून तरी आला आहे. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या इतरांचे हात या वर्षी काय म्हणतात? नमुने ज्या सुरक्षा कपाटात उघडले जातात त्यातला हवेचा प्रवाह शेवटचा कधी तपासला होता? सेंट्रिफ्यूज फिरून थांबल्यावर झाकण लगेच उघडलं जातं का? नळीचं बूच काढताना उडणारे तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेच श्वासात जातात. तुमची १६ मिलिमीटरची गाठ त्या खोलीबद्दल काहीतरी सांगते आहे. वरिष्ठांनी तुम्हाला घरी बसवण्याऐवजी ती खोली तपासायला हवी होती.

प्रश्न : मी परिचारिका आहे. नव्या नोकरीत रुजू होताना माझी माँटू ४ मिलिमीटर आली. दोन आठवड्यांनी पुन्हा सुई टोचली तर १३ आली. दोन आठवड्यांतच मला संसर्ग झाला का? मी लहानपणी बीसीजी घेतलेली आहे.

उत्तर : सिस्टर, तुमच्या नव्या वॉर्डाचा यात काही दोष दिसत नाही. शरीराला जुनी ओळख विसरायला होतं. संसर्ग किंवा लस बऱ्याच वर्षांपूर्वीची असेल तर पहिल्या सुईला त्वचा थंड राहते, पण त्या सुईनेच ओळख जागी होते आणि दुसऱ्या सुईला ती बोलते. म्हणूनच ज्यांची पुढे वेळोवेळी माँटू होणार आहे अशांना नोकरीच्या सुरुवातीलाच एक ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा टोचतात. तुमच्या रुग्णालयाने हे केलं, याचं मला समाधान वाटलं. केलं नसतं तर पुढच्या वर्षी १३ आले असते आणि ‘या वर्षात नवा संसर्ग झाला’ असा चुकीचा शेरा तुमच्या नावापुढे लागला असता.

हे १३ जुन्या संसर्गाचे की बीसीजीचे, ते माँटूवरून सांगता येत नाही. बीसीजी माणसाला पहिल्यांदा दिली गेली ती १९२१ मध्ये, आणि लहान मुलांना मेंदूच्या व शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा फारसा भरवसा नाही. माँटूत मात्र ती गोंधळ घालू शकते. तुमच्यासारख्यांसाठी ‘इग्रा’ ही रक्ताची चाचणी बरी. तिच्यात वापरलेली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात, म्हणून लसीमुळे ती फसत नाही, आणि हात दाखवायला दुसरी खेपही लागत नाही. पण लक्षात ठेवा, माँटू काय किंवा इग्रा काय, संसर्ग आहे की रोग आहे हे दोन्हींतली कुठलीच चाचणी सांगत नाही. ते लक्षणं, छातीचा फोटो आणि बेडका यांवरूनच ठरतं.

प्रश्न : मी २२ वर्षं दगड कापायच्या यंत्रावर आहे. दर वर्षी छातीचा फोटो काढायला गाडी येते. यंदा आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे की गाडीत चढायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एकाच्या फोटोत डाग निघाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा हिशेब करून टाकला. आमचं चुकतं आहे का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग बरोबर आहे. गाडीत न चढण्याचा निर्णय मात्र तुमच्याच छातीवर उलटेल, आणि तो का हे मला नीट समजावून सांगू द्या.

दगड कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. दिसते ती धूळ नाकात, घशात अडते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. टीबीच्या जंतूंना घेरून गप्प ठेवायचं काम याच पेशींचं. म्हणजे धूळ पहारेकऱ्यांनाच मारते. वर्षानुवर्षं हे चाललं की फुप्फुसात कडक गाठी होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सिलिकोसिस झालेला नसला तरी धुळीत काम करणाऱ्याला हा वाढीव धोका थोडाफार असतोच. तुमच्या बाबतीत खोकला आणि दम हे धुळीचेच म्हणून सोडून दिले जातात, आणि त्यांच्या आड टीबी वाढत राहतो. फोटो त्यासाठी लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याबद्दल स्पष्ट शिफारस केली आहे : जिथे सिलिकाच्या धुळीत काम चालतं तिथल्या आजी आणि माजी, दोन्ही कामगारांची क्षयरोगासाठी नियमित तपासणी व्हावी. ‘माजी’ या शब्दाकडे नीट बघा. छातीत गेलेली धूळ काम सोडल्यावर बाहेर पडत नाही, त्यामुळे धोकाही संपत नाही. ज्या तुमच्या सोबत्याचा हिशेब करून टाकला त्याचा धोका तिथेच संपला नाही. फक्त त्याचा फोटो काढणारी गाडी गेली. कृपा करून त्याला शोधा. डाग टीबीचा होता की धुळीचा, हे त्याला कोणी सांगितलं का? बेडका तपासला का? फोटोवरच्या डागाने काहीच सिद्ध होत नाही. बेडक्याच्या जनुकीय चाचणीचा निकाल साधारण दोन तासांत हाती येतो आणि रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतील की नाही हेही ती सांगते. ती केल्याशिवाय कोणी कोणाच्या नोकरीचा निकाल लावायला नको होता.

तेव्हा गाडीत चढा, पण सगळ्यांनी मिळून आधी काही गोष्टी लिहून मागा. तपासणीचा तपशील डॉक्टरकडे राहील, मालकाकडे जाणार नाही. डाग निघाला तर पुढच्या तपासण्या होईपर्यंत पगार चालू राहील. धुळीपासून दूर ठेवायची वेळ आली तर दुसरं काम दिलं जाईल, घरी पाठवलं जाणार नाही. काम सोडलेल्यांनाही दर वर्षी बोलावलं जाईल. एकट्याने मागितलं तर त्याला गप्प बसवतील. २२ वर्षं एका यंत्राभोवती उभी असलेली माणसं एकत्र मागतील तेव्हा ऐकावं लागेल.

आणि धूळ. तपासणी कितीही चोख झाली तरी धूळ तशीच राहिली तर पुढच्या वर्षी आणखी एकाच्या फोटोत डाग दिसेल. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत याचा मोठा प्रयोग झाला. खाणीतल्या हजारो कामगारांना, संसर्ग असो वा नसो, सरसकट ९ महिने आयसोनियाझिड दिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : गोळ्या चालू होत्या तोवर टीबी कमी होता, गोळ्या थांबल्या तसा तो फायदा लवकरच ओसरला, आणि खाणींतला टीबी एकूण आटोक्यात आला नाही. गोळी वाईट नव्हती. खाली तीच धूळ होती, तीच कोंदट हवा होती आणि सिलिकाने खाल्लेली तीच फुप्फुसं होती. म्हणून पाण्याखाली कापणं, पात्यालगत धूळ ओढून घेणारा पंखा आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा हे त्याच कागदावर लिहा. तोंडाला फडकं बांधून सिलिका अडत नाही.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात कर्मचारी विभाग सांभाळतो. नोकरीवर घेण्यापूर्वी सर्वांची टीबी चाचणी करून पॉझिटिव्ह येणाऱ्यांना घ्यायचंच नाही, म्हणजे प्रश्नच उद्भवणार नाही, असा प्रस्ताव आमच्याकडे आला आहे. आपलं मत?

उत्तर : हा प्रस्ताव मागे घ्यायला लावा.

पहिलं म्हणजे तुम्ही दर चार उमेदवारांपैकी एकाला अशा कारणासाठी परत पाठवाल, ज्याचा त्याच्या कामाशी किंवा रुग्णांच्या सुरक्षिततेशी संबंध नाही. परत पाठवलेल्यांत अनुभवी परिचारिका जास्त असतील. ज्यांनी वर्षानुवर्षं टीबीच्या रुग्णांची सेवा केली त्यांच्याच हातावर गाठ उठते. दुसरं, निवडलेल्या निगेटिव्ह लोकांना तुम्ही त्याच वॉर्डात पाठवणार आहात. वॉर्डाची हवा बदलली नाही तर काही वर्षांत त्यांचेही हात बदलतील. मग त्यांनाही काढणार का? आणि तिसरं मला सर्वांत भयंकर वाटतं. नोकरी जाणार हे कळलं की माणसं खोकला लपवतात. खोकला लपवून तीन महिने अतिदक्षता विभागात काम करणारा एक माणूस तुमच्या सगळ्या निगेटिव्ह रिपोर्टांवर पाणी फिरवील.

सुरुवातीची तपासणी जरूर करा, पण ती पाया म्हणून. आज हा आकडा होता, हे कळलं तर उद्याचा बदल ओळखता येतो. तिच्यात चार प्रश्न असू द्या : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्री दरदरून घाम, कारणाशिवाय घटलेलं वजन. मधुमेह, एचआयव्ही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांबद्दलही विचारा, कारण या माणसांना रोग लवकर होतो. मात्र ही उत्तरं डॉक्टरच्या फाइलमध्येच राहिली पाहिजेत. तुमच्या टेबलावर एवढाच कागद यावा : ‘कामास योग्य’ किंवा ‘आणखी तपासणी हवी’. एका ठिकाणी पॉझिटिव्ह लोकांची यादी फलकावर लावलेली मी पाहिली आहे. ती मी हाताने फाडली होती, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

दर वर्षी सगळ्यांना सुई टोचायचीच का, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. ते तुमच्या वॉर्डांतल्या धोक्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत टीबी कमी आहे, तिथे २०१९ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची सरसकट वार्षिक चाचणी थांबवायची शिफारस झाली. सुरुवातीला एकदा, आणि संरक्षणाशिवाय रुग्णाच्या सान्निध्यात आल्यावर पुन्हा, असं ठरलं. जिथे रोज टीबीचे रुग्ण येतात तिथे तेवढ्यावर भागणार नाही. तिथे बेडका काढायला लावणाऱ्या, दुर्बिणीने श्वासनलिका पाहणाऱ्या आणि शवविच्छेदन करणाऱ्या लोकांकडे वरचेवर लक्ष हवं. सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, खाटा ढकलणारे यांना यादीतून वगळू नका. ते त्याच हवेत असतात, आणि बहुतेक यादींत त्यांची नावं नसतात.

कोणी उघड्या संपर्कात आलं तर लगेच एक चाचणी आणि ८ ते १० आठवड्यांनी दुसरी. मधल्या काळात शरीराची प्रतिक्रिया तयार होत असते, म्हणून लगेच आलेला निगेटिव्ह निकाल पाहून निश्चिंत होऊ नये. चाचणी कामाच्या वेळात आणि रुग्णालयाच्या खर्चाने व्हावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत क्षयरोग आहे, हे तुमच्या प्रस्ताव मांडणाऱ्यांना जरूर दाखवा. स्टेथोस्कोप शोधणारा लेनेक हा डॉक्टर १८२६ मध्ये क्षयाने गेला. त्याच्या आधी आणि नंतर या रोगाने वैद्यकीय पेशातली किती माणसं नेली याची मोजदाद नाही.

प्रश्न : माझे यजमान बेघरांच्या निवाऱ्यात रात्रपाळीला असतात. त्यांना टीबी निघाला, औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले. खोकला गेला, वजन थोडं वाढलं. पण सोबतचे लोक म्हणतात, सहा महिने इकडे फिरकू नका. त्यांचा पेलासुद्धा फेकून दिला. यजमान दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काय करू?

उत्तर : ताई, तो पेला फेकायची काहीच गरज नव्हती. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, हात मिळवण्यातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, हे फार सुंदर रीतीने सिद्ध झालेलं आहे. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळाने गच्चीवर ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेशिवाय काहीच सामाईक नव्हतं, तरी प्राण्यांना संसर्ग झाला. ज्या गटाची हवा अतिनील दिव्यांखालून जात होती त्याला झाला नाही. आणि तुमच्या यजमानांच्या कामाची गोष्ट अशी की, ज्या रुग्णांवर औषधोपचार सुरू झाला होता त्यांच्याकडून प्राण्यांना होणारा संसर्ग फारच कमी होता. हे त्यांच्या सोबत्यांना वाचून दाखवा.

साधा टीबी असेल, औषधांना जंतू दाद देत असतील, गोळ्या एकही दिवस न चुकता घेतल्या असतील, खोकला थांबला असेल, तर साधारण दोन आठवड्यांनंतर माणसापासून धोका जवळजवळ उरत नाही. निवाऱ्यात मात्र आजारी, अशक्त, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं झोपतात, म्हणून कामावर परतण्यापूर्वी बेडका पुन्हा तपासून स्वच्छ असल्याची खात्री करून घ्यावी असं मी सांगेन. जंतू औषधांना दाद न देणारे निघाले तर हा हिशेब वेगळा होतो, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बाकी सहा महिने घरी बसण्याला आधार नाही. गोळ्या मात्र सहा महिने पूर्ण घ्यायच्या. बरं वाटू लागतं तेव्हाच त्या सुटतात.

आणि त्यांना एक विचारा : हा आजार त्यांना कुठून आला असेल? शेकडो माणसं बंद खिडक्यांच्या दालनात रात्रभर एकमेकांच्या श्वासात झोपतात, आणि ते तिथे जागे बसतात. त्यांना दोष देणाऱ्या सोबत्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली का? त्यांची आणि निवाऱ्यात राहणाऱ्यांची तपासणी या आठवड्यातच व्हायला हवी. तुमची आणि घरातल्या मुलांचीही, त्यांची सर्वांत आधी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तरी दालनातली हवा किती बदलते! ते परत जातील तेव्हा त्यांची बसायची जागा खिडकीजवळ असू द्या. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला मी एवढंच सांगेन की मीही त्याच गोळ्या घेतल्या आहेत, आणि पंचवीसहून जास्त वर्षं झाली, रोज कामावर जाते आहे.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. कामावर टीबीची तपासणी आली आहे. नाही म्हणू का?

उत्तर : नाही म्हणू नका. माँटू आणि इग्रा दोन्ही गरोदरपणात चालतात. लक्षणं असतील किंवा चाचणी पॉझिटिव्ह आली तर पोटावर शिशाचं आच्छादन घेऊन छातीचा फोटोही काढता येतो. तो टाळून टीबी लपून राहिला तर बाळाला त्याचा धोका फार मोठा आहे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या बारा मात्रांचा प्रतिबंधक उपचार मात्र गरोदरपणात सुचवला जात नाही, तेव्हा फॉर्मवर महिना ठळक लिहा.

प्रश्न : शुक्रवारी सुई टोचली. तिसऱ्या दिवशी दवाखाना बंद, नंतर माझी पाळी. सहाव्या दिवशी गेले तर सिस्टर म्हणाल्या ‘आता काही दिसत नाही, निगेटिव्ह लिहिते’. चालेल?

उत्तर : चालणार नाही. माँटू ४८ ते ७२ तासांत वाचायची असते. सहाव्या दिवशी काही दिसत नाही, म्हणजे तिसऱ्या दिवशी काही नव्हतं असं होत नाही. वहीतला तो ‘निगेटिव्ह’ खोडायला सांगा आणि सुई पुन्हा टोचून घ्या. लगेच टोचली तरी अपाय नाही. वाचताना लाली मोजायची नसते. बोटांनी चाचपून जो भाग कडक लागतो त्याची रुंदी हाताच्या आडवी मोजायची, आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा, शून्य असला तरी शून्य लिहायचा. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं पुढच्या वर्षी कोणाच्या उपयोगी पडत नाही. या वेळी सोमवारी टोचून घ्या, बुधवारी किंवा गुरुवारी हात दाखवा, आणि आकडा स्वतःच्या डायरीतही लिहून ठेवा.